दुसऱ्याच्या कार्डातली नावं

परवा माझ्या नातीनं माझ्या फोनवर भाजी मागवायचं कसलंसं अ‍ॅप घालून दिलं. भेंडी मोडून न बघता विकत घ्यायची, हा एक संताप वेगळाच. पण त्या अ‍ॅपनं आल्या आल्या विचारलं की तुमच्या फोनमधल्या सगळ्या लोकांची नावं आणि नंबर मी बघू का? मी चष्मा शोधेपर्यंत नातीनं ‘हो’ दाबूनसुद्धा टाकलं. म्हटलं, “अगं, कोथिंबिरीला माझ्या विहिणीचा नंबर कशाला हवा?” तर म्हणते, “आजी, सगळे देतात.”

सगळे देतात! माझं डोकं असं फिरलं म्हणता! आणि फिरलेल्या डोक्यात सगळ्यात आधी जर कोण उभं राहिलं असेल, तर सरोजाक्का. एक हात कमरेवर, चष्मा कपाळावर, आणि समोरच्याला भस्म करायचं की नुसतंच भाजायचं याचा विचार चाललेला. ती आज असती तर त्या अ‍ॅपच्या मालकाचं घर शोधत गेली असती आणि त्याच्या दारात उभी राहून त्याच्या आईला हाक मारली असती.

तोंडावर मी तिला अहोजाहो करायचे आणि मनात अगंतुगं. लिहिताना मनातलंच येतंय, येऊ दे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बंगळूरमध्ये मोबाइल फोन म्हणजे बिल्डर, डॉक्टर आणि ज्यांना आपण बिल्डर किंवा डॉक्टर वाटावं अशी हौस होती असे लोक, यांच्याकडेच असायचा. आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. मल्लेश्वरममध्ये मोहनरावांचं मोबाइलचं दुकान होतं, तिथे मी नोकरीला लागले. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून आलेली, चाळिशीला टेकलेली, आणि घराजवळच्या एका संस्थेत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी! त्या कोर्सचं सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलं होतं. पर्समध्ये! जसं काही बसमध्ये कंडक्टर तिकिटाऐवजी तेच मागणार होता.

दुकानात एक जाडजूड कॉम्प्युटर होता आणि त्याला वायरनं जोडलेली काड्यापेटीएवढी एक डबी. त्या डबीत गिऱ्हाइकाचं सिमकार्ड सरकवायचं, की कार्डात साठवलेली नावं आणि नंबर पडद्यावर उतरायचे. फोनच्या बटणांवर एकेक अक्षर तीनतीनदा दाबून नाव लिहायचा लोकांना कंटाळा. मग ते आमच्याकडे यायचे. आम्ही कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर भराभर नावं लिहायचो, चुकलेली दुरुस्त करायचो, नको असलेली काढायचो आणि सगळं परत कार्डात भरून द्यायचो. कार्ड खराब झालं तर जुन्यातलं नव्यात घालून द्यायचो. मी माहेरच्यांना पत्रात लिहिलं होतं, ‘मी सध्या डेटाचं काम पाहते.’ अजून ते पत्र आठवलं की मला पदर तोंडावर घ्यावासा वाटतो.

हे काम माझ्या आधीपासून अक्का करायची. सरोजाबाई जगदाळे. तिचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि राहिले. “आम्ही घोड्यावरून आलो, तुम्ही उद्यान एक्स्प्रेसमधून,” असं ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली. मी तिच्या मराठीला मनातल्या मनात हसले होते, कारण तिच्या बोलण्यात ‘बरं’ला ‘सरी’, ‘जरा’ला ‘स्वल्प’ आणि वर ‘अय्यो’ यांची फोडणी असायची. माझी समजूत अशी की शुद्ध मराठीचा नळ फक्त आमच्या पेठेत येतो. आठवड्याभरात अक्का मला “पुणेकरीण” म्हणायला लागली, आणि महिन्याभरात मीच रिक्षावाल्याला “स्वल्प मुंदे” म्हणून पुढे घ्यायला सांगायला लागले.

दुकानात यायच्या आधी अक्कानं उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घालवली होती. ट्रंक कॉल जोडणारी ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. तिथून लवकर निवृत्ती घेतली आणि घरी बसून सुनेशी भांडायचा कंटाळा आला म्हणून मोहनरावांकडे आली. मोहनराव तिच्या माहेरच्या ओळखीतले. त्यांनी तिला घेतलं ते तिच्या आवाजासाठी. फोन उचलून ती जे “हॅलो” म्हणायची ते ऐकून पलीकडचा माणूस सरळ बसत असणार, याची मला खात्री आहे. एरवीचा आवाज मात्र चिंच खरवडल्यासारखा. एकाच गळ्यात दोन बायका राहत होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

संताप हा तिचा धंद्यातला माल होता, आणि तो ती उधार ठेवत नसे. सकाळी आली की आधी पंख्यावर चिडायची, मग कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लावतो म्हणून त्याच्यावर. “माझ्या सासऱ्यांना उठवायला एवढा वेळ लागायचा नाही, आणि ते बहिरे होते!” त्या काळच्या कार्डात नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि जागा इतकी थोडी, की लांबलचक नाव अर्ध्यात तुटायचं. लक्ष्मीनरसिंहय्या नावाच्या एका सज्जनांचं नाव पडद्यावर ‘लक्ष्मीनर’ एवढंच राहिलं, तेव्हा अक्का अशी काही भडकली की त्यांची मुलगीसुद्धा तेवढी भडकली नसती. “आईबापानं पुरं नाव ठेवलं, बारशाला गाव जेवलं असेल, आणि हे डबडं माणूस अर्ध्यात तोडून गप बसतं!” तिनं त्या नावाला कुठे कुठे चिमटे काढले, दोन स्वर उडवले, पण शेवटचा ‘य्या’ बसवलाच. म्हणाली, “शेवट राहिला म्हणजे माणूस राहिला.”

तिच्या कामाची एक रीत होती आणि त्या रीतीपायी ती मोहनरावांशी रोज भांडायची. कार्ड डबीत सरकवलं की ती पडदा गिऱ्हाइकाकडे वळवायची, आपल्याकडे नाही. स्वतः मान वाकडी करून, डोळे बारीक करून, लागेल तेवढीच ओळ बघायची. काम झालं की कॉम्प्युटरवर उतरलेली यादी पुसायची, आणि पुसायचं बटण गिऱ्हाइकाला स्वतः दाबायला लावायची. मोठमोठे लोक घाबरायचे. एक सोन्याचांदीचे व्यापारी होते, हातात आठ अंगठ्या, त्यांनी बोट बटणापर्यंत नेलं आणि परत घेतलं. “अक्का, तुम्हीच दाबा की.” अक्का म्हणाली, “तुमच्या घरचा केर मी काढते का? दाबा!”

मोहनरावांना ती यादी पुसायला नको असायची. त्यांचा मेहुणा प्लॉट विकायचा. ते म्हणायचे, “अक्का, अहो राहू दे की एक कॉपी. बड्या लोकांचे नंबर आहेत. सणाला शुभेच्छा पाठवू.”

“कुणाला?”

“त्यातल्या लोकांना.”

“त्यातल्या लोकांनी तुमच्याकडे काय घेतलंय? ते तर कुणाच्या तरी खिशात बसून आलेत. पाहुण्याबरोबर आलेल्या पोराचे खिसे तपासता का तुम्ही?”

“अक्का, हा बिझनेस आहे.”

“मग बिझनेसला सांगा, स्वल्प लाज आणून दे.”

मी त्या वेळी मोहनरावांच्या बाजूची होते, हे सांगायला हवं. मला कोर्समध्ये शिकवलं होतं की डेटा जपून ठेवावा. आमच्या सरांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. कुणाचा डेटा आणि कुणासाठी जपून, हे काही फळ्यावर नव्हतं आणि ते विचारावं एवढं डोकं माझ्याकडे नव्हतं. शिवाय मला दुसऱ्यांच्या यादीत डोकवायला फार आवडायचं. ते आजही आवडतं. कुणाकडे कुणाचा नंबर आहे, डॉक्टरांच्या यादीत ज्योतिषी का आहे, असल्या गोष्टींत जो रस आहे तो कादंबरीत नाही. अक्का मला मानेला धरून मागे ओढायची. “पुणेकरीण! चड्डीच्या नाडीला हात घालतेस का कुणाच्या? मग डोळे आवर!”

एकदा तर मी माझ्या हुशारीचा असा काही दिवा लावला की सांगायची सोय नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती: एकच नाव दोनदा आलं असेल तर जादाचं आपोआप काढून टाकायची. पुण्यात ठीक आहे हो! बंगळूरमध्ये जगातला निम्मा पुरुषवर्ग ‘अण्णा’ असतो, हे मला कुठे उमगलं होतं? एका रेशमी साड्यांच्या दुकानदाराचं कार्ड आलं, अक्का बँकेत गेली होती, आणि मी ती सोय वापरली. कार्डातले सगळे अण्णा वितळून एकच अण्णा उरला. वर मी त्यांना म्हटलं, “साहेब, तुमचं कार्ड एकदम स्वच्छ केलंय.” दुकानदारानं थोरल्या भावाला मुलीच्या साखरपुड्याला बोलवायला फोन केला, तो लागला पंक्चर काढणाऱ्या अण्णाला. तो बिचारा सहकुटुंब आला, आहेरही घेऊन आला. थोरला भाऊ मात्र रुसून बसला.

दुकानदार दुकानात येऊन थयथयाट करत असताना अक्का माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. मला वाटलं, आता मला फाडणार. पण ती त्याच्यावरच उसळली. “सख्ख्या भावाला आणि पंक्चरवाल्याला एकाच नावानं ठेवता तुम्ही? भावाला नाव नाही का?” दुकानदार गडबडला. तो म्हणाला, “अक्का, आपण सगळ्यांनाच अण्णा म्हणतो की.” “तोंडानं म्हणा! लिहिताना माणूस वेगळा ठेवा!” तो वरमून गेल्यावर मात्र तिनं माझी अशी काही हजामत केली की मी ते सर्टिफिकेट पर्समधून काढून घरी कपाटात ठेवलं.

तिला मी एकदा विचारलं होतं, की एक्स्चेंजमध्ये लोकांचं बोलणं ऐकू यायचं का? ती फ्लास्कमधली कॉफी पीत होती. ती कॉफी ती कुणाला देत नसे, झाकणात नुसती वाफ वास घ्यायला द्यायची. म्हणाली, “यायचं. लागला का नाही ते बघायला मध्ये कान घालायलाच लागतो.”

“मग?”

“मग काय? काढून घ्यायचा.”

“पण अक्का, एखाद्या वेळी काही भारी ऐकलं असेल ना?”

तिनं कॉफीचा घोट संपवला. मग म्हणाली, “माझ्या भाचीचं लग्न ठरलं होतं. मुलाच्या बापाचा धारवाडला कॉल होता, माझ्याच बोर्डावर आला. कान काढायच्या आत दोन वाक्यं पडली.”

माझे डोळे बशीएवढे झाले असणार. “काय म्हणाला?”

“ते त्या माणसानं धारवाडला सांगितलं होतं. मला नव्हतं.”

“अहो पण भाचीचं लग्न! मग? तुम्ही बहिणीला सांगितलं नाहीत? लग्न झालं की मोडलं?”

“झालं.”

“आणि?”

“वडे चांगले होते,” असं म्हणून तिनं फ्लास्कचं झाकण फिरवून बंद केलं. मला इतका राग आला! आजही येतो. ती दोन वाक्यं काय होती, या विचारानं मी किती भाज्या करपवल्या असतील.

तर आता तो दिवस.

दुपारी उन्हाची वेळ. दुकानात मी, अक्का आणि मोहनराव. एक गृहस्थ आले. पांढरा कडक शर्ट, सोनेरी चौकटीचा चष्मा, बाहेर ड्रायव्हर गाडी पुसतोय. त्यांच्या कंपनीचे बरेच फोन आमच्या दुकानातून घेतलेले, त्यामुळे मोहनराव खुर्चीतून अर्धे आधीच उठले. गृहस्थांनी खिशातून एक सिमकार्ड काढलं आणि एक चिठ्ठी. कन्नडमध्ये म्हणाले की हे कार्ड त्यांच्या मिसेसच्या फोनमधलं आहे. मिसेसनं त्याला गुप्त आकडा लावून ठेवलाय. यांनी घरी दोनतीन आकडे घालून बघितले तर कार्ड कुलूपबंद झालं. मग मोबाइल कंपनीकडून कुलूप उघडायचा लांबलचक आकडा मागवला. कनेक्शन यांच्या नावावर असल्यानं कंपनीनं तो दिलाही. पण हाही चुकला तर काय घ्या, म्हणून दुकानात आले. कार्ड उघडायचं, आतले सगळे नंबर कागदावर छापून हवेत.

“मिसेसना हवेत का?” अक्कानं तिच्या त्या गोड, फोनवरच्या आवाजात विचारलं.

“मला हवेत. हल्ली ती कुणाकुणाशी बोलते ते बघायचंय.”

हे वाक्य त्यांनी मेन्यूकार्ड मागावं तसं म्हटलं, हो! लाज नाही, संकोच नाही, आवाजसुद्धा खाली नाही. आणि आम्हीही कुणी दचकलो नाही. मोहनराव तर मान डोलवत होते.

अक्का म्हणाली, “मग मिसेसना घेऊन या. त्यांच्यासमोर काढून देते.”

“त्यांची काय गरज? कनेक्शन माझ्या नावावर आहे. बिल मी भरतो. फोनही मीच घेऊन दिलाय.”

“बिल तुमचं,” अक्का म्हणाली, “फोन तुमचा, कार्ड पण तुमचं. आतली माणसं तिची.”

मोहनराव हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. “सर, अक्का जरा जुन्या वळणाच्या आहेत.” मग मराठीत, दबक्या आवाजात, “अक्का, काय लावलंय? नवराबायकोतली गोष्ट आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?”

“मध्ये कोण पडतंय? मला मध्ये तुम्ही घालताय. मी तर बाहेर राहायचं म्हणते!”

“ती बाई कशी आहे, तुम्हाला ठाऊक आहे का?”

“नाही. चांगली असेल, वाईट असेल. मला काय करायचंय? एवढ्या वर्षांत कॉल जोडताना मी कुणाला विचारलं नाही, की तू चांगली आहेस का.”

मोहनरावांनी मग माझ्याकडे बघितलं. “सिंधूबाई, तुम्ही करा.”

माझ्या अंगात धैर्य म्हणावं असं काही नव्हतं. पण एकाएकी मला त्या डबीची वायर सापडेना. मी टेबलाखाली वाकले, कपाटामागे बघितलं, खोका उपडा केला. मोहनराव म्हणाले, “सिंधूबाई, वायर तुमच्या हातात आहे.” होती खरी.

तेव्हा अक्का म्हणाली, “सरी. आणा इकडे ती चिठ्ठी.”

माझा जीव एवढासा झाला. वाटलं, वाकली. शेवटी नोकरी सगळ्यांनाच असते. तिनं कार्ड डबीत सरकवलं, पडदा स्वतःकडे वळवला. ते मी पहिल्यांदाच बघत होते. चिठ्ठी समोर टेकवून ठेवली आणि आकडे दाबायला लागली. मी तिच्या मागे उभी. पडद्यावर आलं: आकडा चुकला. पुन्हा दाबले. पुन्हा चुकला. खाली बारीक अक्षरात येत होतं, की अजून इतक्या संधी शिल्लक, मग कार्ड कायमचं बंद. प्रत्येक वेळी तो आकडा एकानं उतरत होता. मी चिठ्ठीकडे बघितलं, तिच्या बोटांकडे बघितलं. ती भलतंच काहीतरी दाबत होती. शांतपणे, एकेक बटण, बोर्डावर वायरी खोचाव्यात तशी.

गृहस्थांनी विचारलं, “वेळ लागतोय?”

“जुनं मशीन आहे,” मी म्हटलं. माझ्या तोंडून हे कसं आलं, देव जाणे. आमच्या कॉम्प्युटरला मी तोवर कधी जुना म्हटलं नव्हतं.

शेवटची संधी संपली. पडद्यावर काय आलं ते अक्कानं मोठ्यानं वाचून दाखवलं नाही, उठून उभी राहिली आणि स्वतःच्या शब्दांत सांगितलं. “कार्ड मेलं. आता ते कुणालाच उघडत नाही. कंपनीला पण नाही. आपोआप नाही मेलं. मी मारलं.”

मी मनात म्हटलं, अगं बाई, सांगतेस कशाला! मशीन बिघडलं म्हण की! पण नाही. त्या बाईला खोटं बोलता येत असतं तर तिचं आयुष्य सोपं नसतं का झालं?

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही दुकानात झालं असतं तसंच. गृहस्थ पोलिसांच्या गोष्टी बोलले. अक्का म्हणाली, “चला, मी पण येते. तिथे आधी सांगा, बायकोच्या फोनमधलं कार्ड काढून कसं आणलंत ते.” ते तरातरा गाडीकडे गेले. मोहनराव एवढे लाल झाले की मला त्यांची काळजी वाटली. म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.” अक्का म्हणाली, “उद्यापासून कशाला? आतापासूनच.” तिनं फ्लास्क उचलला, बसायची उशी काखेत मारली आणि पायरी उतरली. आणि मोहनराव काय करत होते? त्या माणसामागे गाडीपर्यंत पळत जाऊन नवीन कार्ड फुकट देण्याची विनवणी करत होते! माझ्या डोळ्यांसमोर! त्या दिवसापासून मी त्यांच्या हातचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून ठेवून दिला, खाल्ला नाही. नोकरी मात्र सोडली नाही. मी मी आहे, अक्का नव्हे.

तीनचार दिवसांनी एक बाई दुकानात आली. साधी सुती साडी, हातात भाजीची पिशवी, वर मेथी दिसत होती, म्हणजे घरून बाजाराचं निमित्त करून निघालेली. मोहनराव जेवायला गेले होते. तिनं आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, “तुमच्याकडे एक वेड्या बाई आहेत ना?”

“होत्या,” मी म्हटलं. “तुम्हाला कोण म्हणालं?”

“घरी रोज त्याच शिव्या चालल्यात.” ती किंचित हसली. मग म्हणाली, “मला त्यांना भेटायचंय.”

मी दुकानाला कुलूप लावलं. आयुष्यात पहिल्यांदा केलेलं बंड हे असं, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. रिक्षानं आम्ही बनशंकरीला अक्काच्या घरी गेलो. वाटेत मी तिला खोदून खोदून विचारायचा प्रयत्न केला. तिनं एवढंच सांगितलं की फोन आता नवऱ्याच्या कपाटात आहे, घरच्या फोनवरून बाहेरगावी फोन लागू नये म्हणून त्याला कुलूप लावलंय, आणि तिला म्हैसूरला बहिणीशी बोलायचंय. बहिणीनं घर बदललं, नवा नंबर पाठ व्हायचा होता, तो त्या कार्डातच होता.

अक्काच्या भागात एक दिवसाआड पाणी यायचं. आम्ही पोचलो तेव्हा ती सुनेला बादलीभर पाण्यावरून बोल लावत होती. मला बघून तिचा पारा अजून चढला. “कशाला आलीस? नोकरी घालवायचीय?” मी म्हटलं, “अक्का, ह्या त्या. कार्ड ज्यांचं होतं त्या.”

अक्कानं खोचलेला पदर सोडला. तिला मी कधी ओशाळलेली बघितली नव्हती. त्या बाईला आत घेतलं, बसवलं. बाई सुरू झाली, “तुमचे उपकार कसे... माझे मिस्टर म्हणजे...”

“नको,” अक्कानं हात वर केला. “ते मला सांगू नको. तुझ्या गोष्टीसाठी नाही केलं मी ते. तुझे नंबर मात्र माझ्यामुळे गेले. ते भरून देणं माझ्याकडे लागतं. कुठला पाहिजे?”

“बहिणीचा...”

“नातं सांगू नको. फोन कुणाच्या नावावर? भाग कुठला?”

बाईनं नाव सांगितलं, म्हैसूरमधला भाग सांगितला. अक्कानं फोन जवळ ओढला आणि म्हैसूरच्या एक्स्चेंजला लावला. चिंच खरवडणारी बाई आत गेली आणि दुसरी बाहेर आली. “हॅलो, म्हैसूर? मी सरोजा, बंगळूर ट्रंक. शांता आहे का गं?” मग शांता, शांतानं दिलेली कोणी फातिमा, कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाच्या सुनेची निंदा, आणि त्या सगळ्यातून नवा नंबर हाती लागला. अक्कानं तो फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली तसा रिसीव्हर त्या बाईच्या हातात दिला आणि उठली.

मी आपली दारापाशी पडदा सारखा करत उभी राहिले. तो सारखाच होता. आतून “ताई...” एवढं ऐकू आलं आणि मग हुंदका. मी कान दिला. तेवढ्यात माझ्या दंडाला असा चिमटा बसला की तो दोन दिवस निळा होता. “बाहेर चल, पुणेकरीण!”

अक्कानं मला ओढत मागच्या अंगणात नेलं. पण खिडकी उघडी होती आणि अंगण छोटं. तिथेही बारीक आवाज येत होता. मी तोंड दुसरीकडे करून, कान तिकडेच ठेवून उभी. अक्कानं माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि भिंतीवरचं मोटरचं बटण दाबलं. जमिनीखालच्या हौदातलं पाणी गच्चीवर चढवायची ती मोटर असा काही आवाज करायची की शेजारचं कुत्रंसुद्धा उठून लांब गेलं. आता एक अक्षर ऐकू येईना.

टाकी थोड्या वेळात भरली. गच्चीवरून पाण्याची धार खाली लागली, आधी बारीक, मग चांगली मनगटाएवढी. सून धावत आली. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “अक्का, टाकी भरली! पाणी चाललंय!” अक्का खिडकीकडे पाठ करून, बटणावर हात ठेवून उभी होती. अर्धी साडी भिजली होती.

“जाऊ दे,” ती ओरडली. “तिचं बोलून होऊ दे!”